कमरेइतका पाया

माय,

देवळाची पश्चिमेकडची भिंत सोमवारी उतरवून झाली. दगड एकेक करून काढले आणि कुंपणाशी रचून ठेवले. चुन्याचा भुगाच गाडीभर निघाला. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. बाकं, व्यासपीठ, गीतांचे आकडे लावायची काळी फळी, सगळं उघडं. चांदूर बाजारकडून भाजी घेऊन येणारे गाडीवाले बैल थांबवून बघतात आणि विचारतात, "काय झालं जी, पडलं का?" पडलं नाही, पाडलं, असं सांगून सांगून माझा घसा बसला आहे. मला खरं तर समाधान वाटायला हवं. ज्या गोष्टीसाठी चार वर्षं डोकं आपटलं ती झाली. पण गेले आठ दिवस मी नुसती धुमसते आहे. ट्रस्टवर चिडले आहे, अकोल्याच्या वकीलसाहेबांवर चिडले आहे, शाळेत मुलींवर विनाकारण ओरडते आहे, आणि थोडी तुझ्यावरही चिडले आहे. तू एकदा बोललीस आणि मग कायमची गप्प बसलीस. आणखी एकदा का नाही बोललीस?

तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली. मधल्या काळात पुष्कळ झालं. तिकडे मोठी लढाई चालू आहे, इकडे घासलेटला रांग आणि सिमेंटला परमिट. मिशनचे साहेब लोक बहुतेक परत गेले. जाताना त्यांनी देऊळ मंडळीच्या हवाली केलं आणि मंडळीनं सात जणांचा ट्रस्ट केला. म्हणजे देऊळ सगळ्यांचं, पण त्याची डागडुजी आणि त्यासाठी लागणारी वर्गणी या सातांनी पाहायची. सातांत मी एकटी बाई. भगिनी मंडळातर्फे एक बाई हवी होती, आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून सभेची वही लिहायला मला घेतलं. पहिल्या दिवशी मला फार अभिमान वाटला. इतकी वर्षं साहेब ठरवायचे आणि आपण माना डोलवायचो; आता आपलं देऊळ, आपण ठरवणार. आपण ठरवायला बसलो की कसं ठरवतो, ते मग मी हळूहळू पाहिलं.

हे देऊळ बांधलं जात होतं तेव्हा मी झोळीत होते. ते मला तुझ्याकडूनच कळलेलं. मोठ्या दुष्काळात तू आणि बाबा तिवशाकडचं गाव सोडून चालत अमरावतीला आलात, मिशनच्या कामावर लागलात, तिथेच बाप्तिस्मा घेतलात आणि परत गेला नाहीत. मी सहा महिन्यांची असताना बाबा पटकीनं गेले. त्याच उन्हाळ्यात देवळाचा पाया खंदायला माणसं हवी होती. कुंपणाशी जे निंबाचं झाड आहे, त्याला झोळी बांधून तू मला त्यात टाकायचीस आणि चरात उतरायचीस. पुरुष खंदायचे, बाया टोपल्यानं माती वर द्यायच्या. दुपारी घाणीवर चुना मळला जायचा आणि त्याचा वाफारा झोळीपर्यंत यायचा, म्हणून तू झोळीवर ओलं फडकं टाकून ठेवायचीस. हे सगळं तू सांगायचीस ते तक्रार म्हणून नाही. दुसऱ्या बाया आपल्या लग्नाची हकिकत सांगतात ना, तशी तू त्या पायाची हकिकत सांगायचीस.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. मिशनच्या आवारातली आपली दोन खोल्यांची जागा. तू ज्वारीची भाकर थापते आहेस, मी चुलीच्या उजेडाला पाटी धरून गणितं करते आहे. देवळाच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेली आहे, असं शाळेत ऐकून आले आहे, ते मी तुला सांगते. तू भाकर तव्यावर टाकतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "जाईनच. तिकडून पाया कमरेइतकाच हाये." मी विचारते, कमरेइतका म्हणजे किती? तू पिठाचा हात आपल्या कमरेला लावून दाखवतेस. लुगड्यावर पांढरा पंजा उमटतो. "बाकी तीन बाजूनं मुरूम लागला, तठलोग खंदलं. या बाजूले कायी माती सरेच ना. मिस्तरी म्हणे, साहेब, अजून दोन हात जाऊ द्या. साहेब म्हणे, बस झालं, कोनशिला बसवा. त्याले विलायतेले जायाचं होतं, आगबोट निंगून जाईन म्हणे. मी चरात उभी होती, मले नाई माहीत तं कोनाले माहीत?" आणि मग भाकर उलटत, "कायी माती उन्हायात फाटते, पावसायात फुगते. तिच्यावर भित ठेवली तं भित हालनच." मी तुला म्हटलं, "कायी नाही माय, काळी म्हण. काळी." पाया राहिला बाजूला, मी तुझा ळ सुधारत बसले. तू हसलीस आणि भाकरीवर तेल-तिखट घालून माझ्यापुढे सारलीस.

आता दुसरा दिवस. तोही तुला आठवत असणारच. मी बावीस वर्षांची आहे, नॉर्मल स्कूलची परीक्षा पास होऊन मुलींच्या शाळेत नुकतीच लागले आहे. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीला थांबवलं आहे, कारण चिरेत आता बोट जातं. मी शिक्षिकांच्या बाकावर इस्त्रीच्या पातळात बसले आहे. तू मागे बायांबरोबर चटईवर. कचेरीतले हेडक्लार्क बाबू उभे राहून सांगतात की चुन्यात गूळ-बेलफळ घालून पक्का गिलावा करावा, वरून सफेती, की काम झालं. सगळे माना डोलवतात. तेवढ्यात मागून तुझा आवाज येतो, "मी सांगू का जी?" तू उठून उभी राहिली आहेस. तुझ्या लुगड्याला माळ्याच्या वाडीतला चिखल लागलेला आहे, कारण पहाटे वांगी तोडून तू तशीच देवळात आली आहेस. तू सांगतेस, पाया कमरेइतकाच हाये, गिलाव्यानं काही व्हायचं नाई, मातीखालून पाह्यलं पाह्यजे. बाबू ऐकून घेतात आणि हसून म्हणतात, "बाई, हे देऊळ साहेबांनी नकाशा काढून बांधलंय. टोपल्या वाहणाऱ्या बायांनी नाही." पुरुषांच्या बाजूला हशा होतो. माझ्या शेजारच्या शिक्षिका वळून मागे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. तू अजून उभीच आहेस. तुला आणखी काहीतरी सांगायचं आहे. आणि मी उठते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "माय, खाली बस. तुला काय कळतं त्यातलं?"

तू बसलीस. घरी आल्यावर मी वाट पाहत होते की तू मला बोलशील, निदान आदळआपट करशील. तू अंबाडीची भाजी निवडत बसलीस. दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलीस. गिलावा झाला, भिंत अंड्यासारखी पांढरी दिसू लागली, आणि बाबूंचं कौतुक झालं. त्यानंतर तू एकच केलंस. दर रविवारी तुझी चटई उचलून पूर्वेकडच्या दाराशी टाकू लागलीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, इकडं वारा लागते. दोन वर्षांनी तापात तू गेलीस, आणि पायाचा विषय पुन्हा काढला नाहीस. मीही काढला नाही.

गिलावा तीन पावसाळे टिकला. मग पुन्हा चीर, पुन्हा गिलावा. ट्रस्ट झाला तेव्हा मला वाटलं, आता तरी मुळापासून काम होईल. अध्यक्ष कोण झाले असतील? तेच बाबू. आता पेन्शनीत आहेत, केस पांढरे झाले आहेत, काठी टेकून चालतात. त्यांचं देवळावर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. लहानपणी अनाथ म्हणून त्यांना साहेबांनी वाढवलं, शिकवलं. सफेतीच्या दिवशी ते स्वतः उन्हात उभे राहतात. पण वर्गणी गोळा करायचं आमचं काम सुरू झालं आणि मला कळून चुकलं की कुणालाच भिंत दुरुस्त करायची नाही, सगळ्यांना देऊळ सजवायचं आहे. एकाला घंटेसाठी कमान हवी. एकाला रंगीत काचा हव्यात. हंगामाच्या सणाला आम्ही नेहमीसारखा भाजी-फळांचा लिलाव ठेवला. तुझ्या मैत्रिणीनं, माळीणमावशीनं, ती आपल्यातली नसूनही दरवर्षीप्रमाणे टोपलंभर वांगी आणि एक मोठं लाल कोहळं पाठवलं. त्या कोहळ्यावर दोन ट्रस्टी एकमेकांच्या ईर्ष्येनं बोली चढवत बसले. घंटेच्या कमानीवरून त्यांचं आधीच वाजलं होतं. शेवटी एकानं कोहळं जिंकलं आणि रागारागानं दुसऱ्याच्या बायकोच्या मांडीवर नेऊन ठेवलं. ही आमची वर्गणी, माय. मी वहीत लिहिलं, "सण उत्साहात पार पडला."

मग अकोला. तिथले वकीलसाहेब आपल्याच मंडळीत वाढलेले, वडील इथले उपदेशक, आता अकोल्यात मोठा बंगला. अध्यक्ष, पाळकसाहेब आणि मी बडनेऱ्याहून गाडीत बसून भर वैशाखात तिकडे गेलो. अकोल्याचं ऊन तुला सांगायला नको. वकीलसाहेबांच्या दिवाणखान्याला वाळ्याच्या ताट्या, त्यावर गडी पाणी शिंपतो आहे, आम्हाला सरबत. अध्यक्षांनी देवळाची स्थिती सांगितली. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की पुढच्या बाजूला दगडी पोर्च बांधावा, त्यावर वडिलांचं नाव कोरावं, सगळा खर्च त्यांचा. मी म्हटलं, "पोर्च नंतर. आधी पश्चिमेची भिंत बघा. तिच्याखाली आमच्या शाळेतल्या मुली बसतात." ते हसले. चांगले गृहस्थ आहेत, हसणंही चांगलं. म्हणाले, "भिंत होईलच हो बाई. पण भिंतीवर पैसे घातले तर लोकांना काय दिसणार? होती तशीच दिसणार." परतीच्या गाडीत अध्यक्ष माझ्यावर रागावले. देणाऱ्याच्या दारात असं बोलतात का? बडनेऱ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

पोर्चचा अंदाज काढायला वकीलसाहेबांनी आपल्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर अकोल्याहून पाठवले. मुसलमान गृहस्थ, दाढी पांढरी, सरकारी रस्ते आणि पूल बांधण्यात जन्म गेलेला. त्यांनी पोर्चची जागा पाहायच्या आधीच देवळाला एक फेरी मारली, पश्चिमेच्या भिंतीशी थांबले, काठीनं ठोकलं, वाकून जमिनीच्या भेगा पाहिल्या. आम्हाला म्हणाले, "भिंत बीमार नाही. ती उभी कशावर हाये, ते बघा आधी. मग पोर्च-बिर्च करत बसा." ते गेल्यावर सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे पैसा मातीखाली गाडायचा?" बाकीच्यांनाही तेच वाटत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाया कमरेइतकाच आहे. खाली मुरूम नाही, काळी माती आहे." सगळे माझ्याकडे बघू लागले. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांच्या डोळ्यांत मला काहीच दिसलं नाही. वीस वर्षांपूर्वी मागच्या चटईवर कोण उभं राहिलं होतं, ते त्यांना आठवतही नव्हतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, "माझ्या आईनं." मी म्हटलं, "ओव्हरसियरसाहेबांचा तसा अंदाज आहे." अध्यक्ष म्हणाले, "अंदाज!" आणि पोर्चचा ठराव पास झाला. तोही मीच लिहिला.

या उन्हाळ्यात, उपासना चालू असताना, मुली गीताला उभ्या राहिल्या आणि खिडकीवरचा गिलाव्याचा पापुद्रा सुटला. सूप भरेल एवढा. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या खांद्यावर पडला. बोर्डिंगमधली मुलगी आहे, नऊ वर्षांची. ती रडली नाही, नुसती धुळीनं पांढरी होऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली, जणू तिनंच काही चूक केली. हाड मोडलं नाही, पण हात पंधरा दिवस गळ्यात होता. त्या संध्याकाळी अध्यक्षांनी सुचवलं की पोर्चची जागा पाहायला वकीलसाहेब येणार आहेत, तोवर तेवढ्या जागी गिलावा मारून घ्यावा. मी त्यांच्या घरून निघाले ती थेट वाडीवर गेले. माळीणमावशीचा मोठा मुलगा विहिरी खंदतो. त्याला म्हटलं, भाऊ, उद्या सकाळी कुदळ-फावडं घेऊन देवळात ये, आणि कुणी काही विचारलं तर माझं नाव सांग.

तो आला, आणि त्याच्यामागून काठी टेकत माळीणमावशीही आली. भिंतीला चिकटून त्यानं खड्डा घ्यायला सुरुवात केली. शाळा भरायला अवकाश होता. मी पदर खोचून उभी. माती कोरडी, ढेकळं दगडासारखी. भेगांत त्याचा हात मनगटापर्यंत जात होता. गुडघ्यापर्यंत पायाचा दगड दिसला, मांडीपर्यंत दिसला. माझ्या कमरेपर्यंत यायच्या आधीच तो संपला. मी चकित झाले, आणि मग लक्षात आलं, तू माझ्यापेक्षा वीतभर बुटकी होतीस. कंबर तुझी होती. दगडाच्या खाली त्यानं फावडं घातलं, तर काळी माती, ओलसर, पिठासारखी दबणारी. तो आणखी खाली गेला. पुरुषभर खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली आणि पिवळा मुरूम वर आला. माळीणमावशी खड्ड्याच्या काठाशी बसून होती. ती म्हणाली, "तुही माय मले सांगे. वांगे तोडता तोडता सांगे. मी म्हणो, जाऊ दे व, त्याहिचं देऊळ त्याहिले माहीत. तं तुही माय म्हणे, त्याहिचं कायचं? मी खंदलं, माह्यं हाये."

तेवढ्यात अध्यक्ष आले. कुणीतरी धावत जाऊन सांगितलं असणार. काठी आपटत म्हणाले, "कुणाच्या परवानगीनं खंदता आहात? हे काय तुमचं घर आहे?" मी म्हटलं, "आत बघा." त्यांनी बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "साहेबांना कळलं नसेल?" त्यांनी काठीनं दगडाखालची माती टोचून पाहिली. "कळलं असणारच," ते म्हणाले, "साहेबांना सगळं कळायचं." इतक्या वर्षांच्या रागानंतर त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि त्याचाही मला राग आला. भिंत कोसळायला आलेली, मुलीला लागलेलं, आणि मी एका म्हाताऱ्याच्या मेलेल्या साहेबाला सांभाळून घेते आहे! पण मी म्हटलं, "घाई असेल त्यांना." ते मान हलवत गेले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ओव्हरसियरसाहेबांना पुन्हा बोलावलं. ते खड्ड्यात उतरले, फूटपट्टी लावली, वर येऊन हात झटकले. सगळी भिंत उतरवा, मुरमापर्यंत जा, नव्यानं उचला, दुसरा इलाज नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी फक्त बघा म्हटलं होतं. कमरेइतका म्हणून तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणे. कसं समजलं?" मी त्यांना चहा घ्याल का असं विचारलं. पोर्च रद्द झाला. वकीलसाहेब आधी नाराज झाले, मग भिंतीला मदत करायला तयार झाले, पण आत भिंतीवर संगमरवरी फरशी लावून वडिलांचं नाव हवंच. ट्रस्टनं त्याच फरशीवर सातही ट्रस्ट्यांची नावं घालायचं ठरवलं. त्यांत माझंही आहे. जागा साफ करायला मंडळीतल्या बाया रोज दोन तास येतात, टोपल्यानं भुगा वाहतात, गाणी म्हणतात. मी शाळा सुटल्यावर जाते आणि यादी घेऊन उभी राहते. टोपलं अजून उचललेलं नाही.

आणि वहीत मी काय लिहिलं, ते ऐक. "सेवानिवृत्त ओव्हरसियरसाहेबांच्या सूक्ष्म निरीक्षणामुळे पश्चिम भिंतीचा पाया उथळ असल्याचे निदर्शनास आले. त्यांचे ट्रस्टतर्फे आभार मानण्यात आले." रविवारी पाळकसाहेबांनी हे व्यासपीठावरून वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळीणमावशी काही आपल्या देवळात येत नाही, पण तिच्यापर्यंत सगळं पोचतं. काल सकाळी ती शाळेच्या फाटकाशी भाजीचं टोपलं उतरवून बसली होती. मी जवळ गेले तर मेथीची जुडी हातात द्यायच्या ऐवजी तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काहून व? मायचं नाव घ्यायले जीभ अडते का तुयी?" मी म्हटलं, मावशी, तसं नाही, सभेच्या वहीत असं घरगुती लिहीत नाहीत. ती म्हणाली, "वही कोन लिवते?" मुली फाटकातून आत जात होत्या, ऐकत होत्या. मी मेथी न घेताच आत गेले आणि पहिल्या तासाला एका मुलीला शुद्धलेखनाच्या चुकीवरून उभं करून ठेवलं.

सभेच्या वहीत काय लिहितात आणि काय नाही, त्याचा यात काही संबंध नाही. तू जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा जालन्याकडून एक नवी शिक्षिका आमच्या शाळेत आली. चांगल्या घरची, वडील पाळक. मधल्या सुटीत तिनं सहज विचारलं, तुमची आई काय करायची? मी म्हटलं, बायबल-बाई होती, खेड्यापाड्यांत फिरून बायांना वचनं वाचून दाखवायची. कसं सुचलं, माहीत नाही. पण एकदा म्हटलं ते म्हटलं. तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. जुनी माणसं एकेक करून गेली, उरलेली विसरली, नव्यांना हेच खरं वाटलं. मागच्या नाताळात पाळकसाहेबांनी जुन्या सेवकांची आठवण काढली, त्यात तुझं नाव घेतलं. मी मान खाली घालून बसले. शेजारणीनं माझा हात दाबला. तिला वाटलं, मला गहिवरून आलं. आता मी उठून सांगायचं, की माझ्या आईनं हा पाया खंदला, ती चरात उभी होती, तर आधी हे सांगावं लागेल की तिनं कधी एकही वचन वाचलं नाही.

सभेची वही माझ्याच कपाटात आहे. त्या ओळीखाली दोन ओळींची जागा मोकळी आहे. काल दुपारपासून तीनदा काढून पाहिली. लिहायला बसले ते तिच्यात नाही, या सुट्या कागदांवर. तुला वाचता येत नव्हतं, माय. म्हणून तर एवढं लिहू शकले.